चौदा खाटांचा अर्ज

सोमवार, १० ऑक्टोबर १९८८. संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे.

वॉर्डातल्या खिडक्या लावून झाल्या होत्या आणि मी खाटांच्या डोक्याशी अडकवायच्या पुठ्ठ्यांवर रुग्णांची नावे लिहीत बसलो होतो. तेवढ्यात सिस्टर रेनविक आल्या. म्हणाल्या, "हेडली, ते ठेव बाजूला. तुला यापेक्षा मोठ्या माणसांना लिहायचंय."

आमचे केल्डगिलचे रुग्णालय बंद करायचे जिल्हा आरोग्य मंडळाच्या मनात आहे. मंडळाला ते एकट्याने करता येत नाही. गावाचा विरोध असेल तर आरोग्यमंत्र्यांची संमती लागते, आणि मंत्र्यांना जाब विचारायचा अधिकार संसदेला आहे. म्हणून आमच्या खासदार डॅग्नलबाईंनी गावाला सांगितले की सभागृहाच्या नावाने अर्ज करा. तो हातानेच लिहावा लागतो, टाइप केलेला घेत नाहीत.

"डॉक्टरांचं अक्षर फक्त औषधवाल्याला कळतं, आणि माझं मलाही कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. "राहिलास तू."

मी सांगितले की छातीच्या दुखण्यात माझी निम्मी शाळा बुडाली, एकही परीक्षा दिलेली नाही, मी इथला साधा वॉर्डबॉय आहे.

"स्पेलिंग चुकतं का तुझं?"

"नाही."

"मग झालं तर."

बाबा सातव्या खाटेवर आहेत. बत्तीस वर्षांची खाणीतली धूळ त्यांच्या फुप्फुसांत बसली आहे. दिवसातून चार वेळा प्राणवायू लागतो, त्यामुळे घरी ठेवता येत नाही. रुग्णालय बंद झाले तर त्यांना खिंडीपलीकडे शहरात नेतील. एकतीस मैल. बस आठवड्यातून दोनदा, आणि बर्फ पडला की तीही नाही. बाबांना इथून हलवू नये, एवढेच मला पाहिजे आहे. हे अर्जात लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहिले.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

डॅग्नलबाईंच्या कार्यालयातून नियमांचा कागद आला. तीनदा वाचला. पहिल्या पानावर पूर्ण मजकूर आणि त्याच पानावर काही सह्या. पुढच्या पानांवर फक्त मागणी लिहिली तरी चालते, आणि त्या पानांच्या झेरॉक्स चालतात. पहिल्या पानावर खाडाखोड नसावी, दोन ओळींमध्ये काही घुसडलेले नसावे. अर्ज सभागृहात सादर होतो, मग सभापतींच्या खुर्चीमागे टांगलेल्या पिशवीत जातो, तिथून मंत्र्यांकडे. मंत्र्यांचे उत्तर छापून येते.

आपण लिहिलेला कागद सभापतींच्या खुर्चीमागे टांगला जाणार, हे मनातून जात नाही.

रविवार, १६ ऑक्टोबर

पान लिहून झाले. सात कागद वाया गेले, आठवा चांगला उतरला. मधला भाग असा: "केल्डगिल येथील चौदा खाटांचे रुग्णालय हे या खोऱ्यातील तीन हजार रहिवाशांसाठी एकमेव आहे. म्हणून अर्जदारांची विनंती आहे की सन्माननीय सभागृहाने आरोग्यमंत्र्यांस हे रुग्णालय बंद करण्यास संमती न देण्याविषयी सांगावे."

पहिली सही बाबांची घेतली. त्यांनी पान डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिले.

"छान आहे रे. फार छान आहे. खेडवळ अक्षर इतकं बरं असलं की मंत्र्याला वाटेल वकील लावलाय."

"बाबा, सही रेघेच्या वर करा."

"बत्तीस वर्षं पगाराच्या वहीत सही केली लेका. रेघ कुठं असते ते ठाऊक आहे मला."

दुसरी सही मिस पिअर्ट यांची. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, खिडकीजवळच्या खाटेवर असतात आणि चाळीस वर्षे गावच्या पोस्टमास्तर होत्या. त्यांनी मजकूर वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "'सांगावे' काय म्हणून? 'बजावावे' लिही."

"सभागृहाला हुकूम करता येत नाही, मिस पिअर्ट. नियमात आहे तसं."

"मग एवढी साडेसहाशे माणसं तिथं बसून करतात काय?"

पहिल्या पानावर बारा सह्या झाल्या.

शनिवार, २९ ऑक्टोबर

एकूण १,९०४ सह्या. खाटकाच्या दुकानात कागद ठेवला होता, त्याच्यावर चरबीचा डाग पडला. तो कागद बदलून घेतला, त्यावरच्या एकवीस जणांना पुन्हा गाठून सही घेतली. एकाने दार तोंडावर आपटले.

सोमवार, ७ नोव्हेंबर

मंडळाचे प्रशासक मिस्टर लँगथॉर्न मोजपट्टी घेऊन आले होते. दोन खाटांमधले अंतर आगीच्या नियमात बसत नाही, म्हणून दोन खाटा तात्पुरत्या काढायच्या. दोन्ही रिकाम्याच होत्या. त्यांच्याबरोबर माणूस नव्हता म्हणून खाटांची एक बाजू मी उचलली. मागच्या शेडमध्ये ठेवल्या, वर ताडपत्री घातली.

मिस्टर लँगथॉर्न वागायला फार चांगले आहेत. माझे नाव घेऊन बोलतात. म्हणाले, "अर्ज तू लिहितोयस असं ऐकलं. लिही, लिही. लोकांनी आपलं म्हणणं मांडलंच पाहिजे. फक्त आकडे बरोबर असू देत, हेडली. एक आकडा चुकला की वरचे लोक बाकीचं वाचतच नाहीत."

हे त्यांनी सांगितले नसते तरी मला समजत होते. अर्जात चौदा आहे. खाटा बारा आहेत. खोटा आकडा संसदेत कसा पाठवायचा?

मंगळवार, ८ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत नव्या ब्लेडने 'चौदा' हा शब्द खरवडून काढला. कागद चमच्याच्या पाठीने घासून गुळगुळीत केला आणि त्यावर 'बारा' लिहिले. खाडाखोड म्हणजे जी दिसते ती. हे कोणालाही दिसणार नाही. सिस्टरना दाखवले, त्यांनाही कळले नाही.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

एकूण २,६१७ सह्या. पार्सल पोस्टात टाकले. पावती या वहीत चिकटवली आहे. डॅग्नलबाई म्हणाल्या की नवे अधिवेशन पुढच्या आठवड्यात सुरू होते, पहिल्याच संधीला सादर करतील.

बाबांना ताप होता, आज उतरला. वॉर्डात आणखी एक खाट रिकामी झाली, म्हातारे गिब्सन गेले. रिकामी झालेली खाट पुन्हा भरायची नाही असा तोंडी निरोप आहे, असे सिस्टर म्हणाल्या. मी विचारले, तोंडी का? त्या म्हणाल्या, "तूच विचार कर." मी केला. बहुधा कागद तयार व्हायला वेळ लागत असेल.

गुरुवार, १ डिसेंबर

अर्ज परत आला.

अर्ज तपासणाऱ्या कारकुनांनी पान उजेडासमोर धरले. समासात शिसपेन्सिलीने बारीक फुली आहे, 'बारा'च्या समोर. डॅग्नलबाईंचे पत्र: "पहिल्या पानावर बदल केलेला असल्याने अर्ज स्वीकारता येत नाही. बाकीची पाने ठीक आहेत. पहिले पान नव्याने लिहून त्यावर नव्याने सह्या घ्या. कृपया लगेच."

कारकुनांवर मला राग नाही. त्यांनी आपले काम नीट केले. राग माझ्यावर आहे. दुधाची किटली सांडली.

सिस्टर म्हणाल्या, "अरे, चौदाच राहू द्यायचं होतंस. चौदाच तर वाचवायच्या होत्या आपल्याला!"

पण चौदा नव्हत्या.

मंगळवार, ६ डिसेंबर

आता नऊ आहेत. छतातून पाणी गळते म्हणून उत्तरेकडची बाजू बंद केली. मिस्टर लँगथॉर्नना फोन करून विचारले, शेडमधल्या धरायच्या की वापरातल्याच. ते म्हणाले, वापरातल्या. "आणि विचारून घेतलंस हे चांगलं केलंस."

'नऊ' लिहून नवे पान तयार केले. पहिल्याच प्रयत्नात उतरले. बाबांपुढे धरले. त्यांच्या बोटांत आता जोर नाही, पेन दोनदा पडले.

"मागच्या खेपेला चौदा होतं ना?"

"हो."

"मग बारा झालं."

"हो."

"आता नऊ. म्हणजे तू आकडा लिहितोस, ते खाट उचलतात. ते खाट उचलतात, तू आकडा लिहितोस." त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. मग म्हणाले, "हेडली, तू नक्की कोणाकडून लिहितोयस रे?"

ते चेष्टा करतात. मी म्हटले, खोटे लिहिले तर मंत्री त्यावरच बोट ठेवतील. ते म्हणाले, "असं म्हणतोस? दे इकडे." आणि सही केली. सही रेघेच्या बरीच खाली गेली आहे, पण ती खाडाखोड होत नाही, नियम पुन्हा पाहिला.

मिस पिअर्ट यांनी काही न बोलता सही केली. हे मला आवडले नाही.

गुरुवार, १५ डिसेंबर

पहिल्या पानावर बारापैकी दहा सह्या झाल्या. राहिलेल्या दोघांपैकी एक वारले, एक मुलीकडे राहायला गेले. नऊ हा आकडा अजून बरोबर आहे का ते मिस्टर लँगथॉर्नना पत्राने विचारले आहे, कारण फोनवर कोणी काहीही म्हणू शकते. उत्तर आले की पाठवतो.

डॅग्नलबाईंनी स्वतः फोन केला. सिस्टरच्या खोलीत घेतला.

"हेडली, ते पान कुठाय?"

"आकडा लेखी कळला की लगेच पाठवतो, बाई."

"आकडा गेला उडत! बावीस तारखेला सभागृह नाताळसाठी उठतं. तीन खाटा लिही, तीस लिही, पण उद्या पोस्टात टाक."

"तीस तर कधीच नव्हत्या, बाई."

त्या म्हणाल्या, "तू फार प्रामाणिक मुलगा आहेस." सुरात कौतुक नव्हते.

शुक्रवार, २३ डिसेंबर

मिस्टर लँगथॉर्न यांचे उत्तर आज आले. नऊ बरोबर आहे. सभागृह काल उठले. पार्सल तरीही टाकले.

सोमवार, ९ जानेवारी १९८९

रात्रपाळीच्या दोन परिचारिकांना मंडळाने शहरात बदली दिली. रात्री सिस्टर रेनविक एकट्या. मिस्टर लँगथॉर्न म्हणाले की हे रुग्णांच्या दृष्टीने धोक्याचे आहे, तेव्हा उरलेल्या सहा जणांना सहा आठवड्यांसाठी शहरात हलवायचे, माणसे मिळाली की परत आणायचे. बाबाही त्यांत.

मी विचारले, हे मंत्र्यांना विचारावे लागत नाही का? ते म्हणाले, मंत्र्यांना बंद करताना विचारतात. हे बंद नाही, तात्पुरते आहे. पाटीसुद्धा काढणार नाही.

मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "फॉर्म भरायचे आहेत. तुझ्या हातचे असले तर बरं पडेल, शहरात वाचता येतील. कारणाचा रकाना आहे बघ. 'मंडळाचा निर्णय' लिहिलं तर कागद वर जातो, तीन आठवडे लागतात. तोवर रात्री कोणाला काही झालं तर? 'कुटुंबीयांची विनंती' लिहिलंस तर रुग्णवाहिका शुक्रवारी येते, आणि तुझ्या वडिलांना खिडकीची खाट मिळेल असं मी बघतो."

रात्री बाबांचा प्राणवायूचा नळ निघाला आणि सिस्टर दुसऱ्या टोकाला असल्या तर? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. लिहिले. बाकीच्यांच्या घरचे लोकही माझ्याकडेच आले, त्यांचेही लिहून दिले. त्यांनी खाली सह्या केल्या.

मिस पिअर्ट यांना कोणीच नाही, एक पुतण्या कॅनडात आहे. त्या म्हणाल्या, "माझे कुटुंबीय कोण? नाक्यावरची टपालपेटी?" मिस्टर लँगथॉर्न हसले आणि तो फॉर्म आपल्याकडे घेतला.

शुक्रवार, १३ जानेवारी

सकाळी सव्वादहाला रुग्णवाहिका आली. बाबांनी कोट मागितला. स्ट्रेचरवर कोट लागत नाही असे चालक म्हणाला. बाबा म्हणाले, "गाव सोडून चाललोय, पार्सलासारखं गुंडाळून नेऊ नका मला." मी कोट अंगावर घातला, बटणे लावली.

सिस्टर रेनविक दारात आल्या नाहीत. आत कपाटे आवरत होत्या.

मला मंडळाने कामावर ठेवले आहे. वॉर्ड रोज हवेशीर करायचा, नळ सोडून पाहायचे, धूळ पुसायची.

शुक्रवार, २० जानेवारी

अर्ज आज सादर झाला. डॅग्नलबाईंच्या कार्यालयातून फोन आला. दोन मिनिटे लागली. बाईंनी गावाचे नाव, सह्यांची संख्या आणि मागणी वाचली, मग कागद पिशवीत गेला. मी त्या वेळी चौथ्या खाटेची जागा पुसत होतो.

बाबांना खिडकीची खाट मिळालेली नाही. तिथे वॉर्डात चाळीस जण आहेत.

बुधवार, १५ फेब्रुवारी

खिंड अकरा दिवस बंद होती. आज बस सुरू झाली. बाबांनी मला पाहिले आणि लगेच विचारले, "तू कोणाचा रे?" मग म्हणाले, चेष्टा केली. चेष्टा होती की नाही ते मला ओळखता आले नाही.

सहा आठवडे पुढच्या शुक्रवारी पूर्ण होतात. मिस्टर लँगथॉर्नना आठवण करून देणारे पत्र लिहिले.

गुरुवार, २ मार्च

मंत्र्यांचे उत्तर छापून आले. बाईंनी प्रत पाठवली. जसेच्या तसे उतरवून घेतो:

"केल्डगिल रुग्णालय बंद करण्याचा कोणताही प्रस्ताव जिल्हा आरोग्य मंडळाकडून मंत्र्यांकडे आलेला नाही. त्यामुळे संमती देण्याचा वा नाकारण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अर्जात नऊ खाटांचा उल्लेख आहे. मंडळाने कळवल्यानुसार तेथे सध्या एकही रुग्ण दाखल नाही. सर्व रुग्ण त्यांच्या कुटुंबीयांच्या लेखी विनंतीवरून अन्यत्र गेले आहेत. मंडळ परिस्थितीकडे लक्ष ठेवून आहे."

एकही चूक नाही. प्रत्येक वाक्य वेगळे घेऊन तपासले. प्रत्येक बरोबर आहे.

सोबत बाईंच्या हातची चिठ्ठी: "या लेखी विनंत्यांबद्दल तुम्हाला काही माहीत आहे का? त्या कोणी सांगून लिहवून घेतल्या असतील आणि तसं कोणी मला लिहून देईल, तर मी मंगळवारी सभागृहात मंत्र्यांना उभं करून विचारू शकते. त्यांना तेव्हा मंडळाच्या आड लपता येणार नाही. माझ्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही. सोमवारपर्यंत कळवा."

शनिवार, ४ मार्च. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटे.

शहरात जाऊन आलो. बाबा बसते झाले होते. विचारले, "काय लिहिलंय मंत्र्यानं?"

वाचून दाखवले. 'लेखी विनंतीवरून' हे शब्द आले तेव्हा त्यांनी बोट वर केले.

"हे परत वाच."

परत वाचले.

"विनंती कोणी केली?"

"मी."

"आणि आपल्या वॉर्डातल्या मिडलटनच्या म्हातारीची?"

"फॉर्म मीच भरला. सही तिच्या मुलानं केली."

"सगळे तूच भरलेस?"

"हो. लँगथॉर्न म्हणाले, शहरात वाचता येतील."

शेजारच्या खाटेवरचा माणूस रेडिओवर फुटबॉल ऐकत होता, गोल झाला आणि तो ओरडला.

"मग वाचता आले असणार," बाबा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी नळी नाकाला लावून घेतली आणि माझा हात धरून ठेवला. निघताना सोडवावा लागला. म्हणाले, "बाईंना लिही. सगळं लिही. आजच."

घरी आल्याबरोबर लिहायला बसलो. "मी, हेडली टीसडेल, असे कळवतो की मिस्टर लँगथॉर्न यांच्या सांगण्यावरून मी सहा फॉर्मांमध्ये..." इथे थांबलो. रुग्ण सहा होते. मिस पिअर्ट यांचा फॉर्म मिस्टर लँगथॉर्न यांनी आपल्याकडे घेतला होता. त्यावर कारण मी लिहिले होते की फक्त नाव आणि वय, हे काही केल्या आठवत नाही. सहा लिहिले आणि पाच निघाले तर मंत्री त्यावरच बोट ठेवतील आणि बाकीचे सगळे खोटे ठरेल.

मिस पिअर्ट यांना विचारता येत नाही. त्या गेल्या रविवारी वारल्या.

फॉर्म मंडळाच्या कार्यालयात आहेत. सोमवारी सकाळी नऊला ते उघडते. मिस्टर लँगथॉर्नना आकडा विचारून घेईन आणि मग पत्र पुरे करीन. ते सांगतील. आजवर त्यांनी कधी चुकीचा आकडा सांगितलेला नाही.

आजचा खर्च. बस, जाऊन-येऊन: चार पौंड वीस पेन्स. बाबांसाठी संत्री: साठ पेन्स. डॅग्नलबाईंच्या पत्रासाठी पोस्टाचे तिकीट: एकोणीस पेन्स, अजून लावलेले नाही. एकूण चार पौंड नव्व्याण्णव पेन्स.

देणे: कोणाचे काही नाही.